बाँड पेटीत ठेवला तेव्हा

मंडळी, नेट कॅफेत बसून लिहितोय. आपल्या ग्रुपात आणखी कुणी विमा एजंट असेल तर त्यानं हे जरूर वाचावं.

आज पुसेगावला किसनभाऊंच्या घरी त्यांच्या पॉलिसीचा बाँड द्यायला गेलो होतो. वहिनींनी बाँडला हळदकुंकू लावलं आणि ठेवायला पत्र्याची पेटी उघडली. वरच गोळ्यांची पाकिटं दिसली.

"ह्या कशाच्या, वहिनी?"

"ह्यांच्या मिरगीच्या. लगीन झाल्यापासून चालूच हायत."

"मग फॉर्म भरताना सांगितलं का नाही?" मी भाऊंना विचारलं. किसनभाऊ म्हणाले, "तुमी इचारलंच न्हाई. सही करा म्हणलात, केली."

खरं आहे. मार्च संपत आला होता, टार्गेट बाकी होतं. मोटारसायकलच्या सीटवर फॉर्म ठेवून आजारांच्या सगळ्या प्रश्नांपुढं मी भराभर ‘नाही’ लिहून मोकळा झालो होतो.

आता ऑफिसात कळवलं तर पॉलिसी रद्दही होईल. गप्प बसलो आणि उद्या भाऊंचं काही बरंवाईट झालं, तर चौकशीत माझ्या अक्षरातला तो ‘नाही’ निघेल आणि वहिनींच्या हाती काहीच लागणार नाही.

निघताना त्या म्हणाल्या, "आता लेकरायची काळजी मिटली बघा, भाऊ." मला मान वर करता आली नाही.

कळवायचं तर ठरवलंय. पण वहिनींना कोणत्या तोंडानं सांगू? तुम्ही असता तर काय केलं असतं?

आणि येताना गाडीवर आठवलं. माझ्या बायकोचा फॉर्मही मीच भरलाय. तिलाही काही विचारलं नव्हतं.