जेवणानंतरची गोळी

डॉक्टर शोधत होते मुतखडा, आणि माझ्या पोटात सापडलं भलतंच. जामखेडच्या सोनोग्राफीवाल्यांनी मला तीनदा कुशीवर वळवलं. मग म्हणाले, "गुरुजी, खडा बारीक आहे, भरपूर पाणी प्या, पडून जाईल. पण नगरला रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना दाखवा. लवकर."

नगरच्या डॉक्टरीणबाई माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदयातून निघालेली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी छातीतून पाठीच्या कण्याला धरून पोटात उतरते, ती महाधमनी. माझी बेंबीच्या जरा वर फुगली होती, सव्वाचार सेंटीमीटर. साडेपाचच्या घरात गेली की फुटायचा धोका वाढतो, मग ऑपरेशन. जांघेतून नळी घालून आतून आधार बसवता येतो, नाहीतर पोट उघडावं लागतं. तोवर लक्ष ठेवायचं.

"आणि मध्येच फुटली तर?" मी विचारलं.

"ती फुटू नये म्हणूनच तर भेटायचं, गुरुजी. पण पोटात किंवा पाठीत अचानक जोराची कळ आली, तर घरी ओवा चघळत बसू नका. त्या पावली निघायचं."

आमची सौ. शेजारी बसून सगळं ऐकत होती. शेतात पाइपलाइन असलेल्या बाईला जास्त समजवावं लागत नाही. "म्हंजी पायपाला फुगा आलाय. प्रेशर कमी ठिवायचं," ती म्हणाली. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मला मात्र मरायची भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी तीस वर्षांची बिडी सुटली. जड उचलायचं बंद झालं. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रोज बीपीची गोळी. मी जन्मभर पोरांच्या कानीकपाळी ओरडलो, "सूचना नीट वाचा, मग उत्तर लिहा." तेव्हा मी चिठ्ठी नीट वाचली. एक गोळी, जेवणानंतर. बीपीचं मशीन आणलं, शंभरपानी वही आखली. रोज संध्याकाळी आकडा लिहायचा, चांगला असेल तर निळ्या शाईने, जास्त असेल तर लाल. सवय जाते का!

गोळ्यांच्या बाबतीत सौ. माझ्याहून सीनियर. गावातली आशा सेविका चार वर्षांपासून तिला बीपीची गोळी घरपोच देते. पण माझ्या फुग्यावर तिने स्वतःचा वेगळा इलाज काढला. सोमवार, गुरुवार, एकादशी आणि संकष्टी. ती आधीपासून धरतच होती, आता मलाही जोडीला घेतलं.

"आवं, माझ्या एकटीचं किती आईकल देव? तुमी बी धरा."

मी कुरकुरलो. पण लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. धरले उपास. दिवसभर चहा, फार तर दोन केळी, रात्री मूठभर भगर. आणि गोळी? ती जेवणानंतर. उपासाला जेवण नाही, म्हणजे गोळी नाही. इतकं सरळ होतं की त्यावर आम्ही दोघं कधी बोललोसुद्धा नाही.

सहा महिन्यांनी नगरला गेलो तर आकडा निघाला चार पूर्णांक सहा. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी आली. "पुढच्या वेळी परत एवढंच वाढलं, तर ऑपरेशनचं बोलावं लागेल."

सौ.ने माझा दंड घट्ट धरला. मी वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली, परत मागे गेल्या. "गुरुजी, ही लाल शाई बहुतेक सोमवारी आणि गुरुवारीच कशी हो येते? त्या दिवशी काय असतं?"

"उपास!" सौ. अभिमानाने म्हणाली. "ह्यांच्यासाठीच धरलेत."

"आणि गोळी?"

"उपासाला कशी घेणार?" मी म्हणालो. "तुम्हीच लिहिलंय ना, जेवणानंतर."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग शांतपणे म्हणाल्या, "फुगा केवळ यामुळेच वाढला असं मी म्हणणार नाही. पण बीपी रोज ताब्यात हवं. उपास असो, लग्न असो, गोळी चुकवायची नाही. आणि लिहिताना मीही विचारायला हवं होतं."

परतीच्या एसटीत सौ. खिडकीशी बसली. कडा गेलं, आष्टी गेली. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "म्या देवाकडं तुमचा जीव मागत हुते, आन् म्याच त्यो..." मी म्हणालो, "अगं, गुरुजी मी, चिठ्ठी वाचली मी. शंभर पानं आखली आणि अक्कल ठेवली कुठं?" ती रडता रडता हसली, तेव्हा मला बरं वाटलं.

गुरुवारी तिने माझ्यापुढे भाकरी, पिठलं आणि गोळी ठेवली. "तुमचा उपास बी माझ्याच नावावर धर म्हनून देवाला सांगितलंय. खावा." स्वतः चहाचा कप घेऊन बसली.

गोळी तोंडात टाकता टाकता मी थांबलो. "आणि तुझी?"

"माझी काय?"

"तुझी गोळी. उपासाला घेतेस?"

ती उठून चुलीकडे निघाली. "मला कुठं फुगा आलाय?"

मी मशीन आणलं. तिचा हात धरून बसवलं, पट्टा बांधला. आकडा लाल शाईचाच निघाला. चार वर्षांचे सोमवार, गुरुवार, एकादश्या, संकष्ट्या! तिने कुणाला विचारलं नाही आणि मी, जन्मभर पोरांच्या वह्या तपासणारा, तिचं एक पान कधी बघितलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली. तिला तिथल्या तिथे गोळी दिली आणि दुसऱ्या वहीवर तिचं नाव घातलं.

पुढच्या तपासणीला आकडा निघाला चार पूर्णांक सहा. तसूभरही वाढ नाही. डॉक्टरीणबाई हसल्या, "असंच चालू राहू द्या. भेटू सहा महिन्यांनी."

मी पिशवीतून दुसरी वही काढली. "हिचीही बघा."

"आवं, मला काय धाड भरलीया!" सौ. ओरडली.

डॉक्टरीणबाईंनी एकेक पान पाहिलं. सुरुवातीला लालच लाल, मग तुरळक, शेवटचे दोन महिने नुसती निळी शाई. "शाबास, मावशी," त्या म्हणाल्या आणि खाली सही केली.

मी वही परत पिशवीत ठेवायला हात पुढे केला, पण सौ.ने दिली नाही. जामखेड येईपर्यंत ती दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसली होती.