एक पळी जास्त

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. लेकीला सांगितलं नाही, देवापुढेही नीट बोलले नाही. तुम्हाला सांगते आहे — कसं सांगायचं, ते मात्र अजून कळत नाही.

आमचे हे इकडे कानडी मुलखात, मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. रिटायर झाले आणि खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले. तोच पेपर पुन्हा पुन्हा वाचायचे. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारायचे, "काही काम आहे का गं?" मला वाईट वाटायचं. खरंच वाटायचं — हे आधीच सांगून ठेवते, नंतर तुम्हाला पटणार नाही.

एका दिवाळीत माझा खांदा धरला होता, म्हणून मीच चकलीचा सोऱ्या त्यांच्या हातात दिला. लेथवरचा हात तो. सगळ्या चकल्या एका मापाच्या, काटा कुठे मोडलेला नाही. महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेली बिऱ्हाडं आहेत आमच्या गल्लीत, त्यांच्याकडे डबे गेले. आणि हे चकलीकाका झाले.

चकलीकाका! त्या घरांत इतकी वर्षं कुणाच्या चकल्या जात होत्या? भाजणी अजूनही कोण भाजत होतं? मला कधी कुणी चकलीमावशी म्हटलं? मी चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी. माझ्याजवळ एवढं एकच होतं — आणि तेही मीच उचलून दिलं. त्यांना रिटायर झाल्यावर नवं काम सापडलं. मी कशातून रिटायर होणार होते?

हे आता सकाळी गुणगुणत उठायचे. सोऱ्याच्या ताटलीची भोकं कानस मारून स्वतः नीट केली. मोहन किती घालायचं, तेल कसं तापवायचं, हे मला — मला! — समजावून सांगायचे. मी हूं म्हणायचे. आतून जळायचे.

मग त्या बिऱ्हाडांतल्या बायकांनी त्यांना नजरबादच्या एका हॉलमध्ये चकल्या शिकवायला बोलावलं. सकाळी ह्यांनी भाजणीत कडकडीत मोहन घातलं, डबा भरला आणि आंघोळीला गेले. मी — कसं सांगू — मी आणखी एक मोठी पळी तेल तापवलं. ओतलं. हाताने चोळलं. भाजणी तेल पिऊन गप्प बसते, वरून काही कळत नाही.

हॉलमध्ये मीही मदतीला शेजारी होते. पीठ मळताना ते थांबले. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "हाताला वेगळं लागतंय गं. बघ की जरा." सगळ्या बायका समोर असताना त्यांनी मला विचारलं. चौथीनंतर मला कुणी काही विचारलं होतं का? मी पिठाला बोट लावलं आणि म्हटलं, "सरी आहे, बरोबर आहे. घाला."

पहिली चकली तेलात पडली आणि विरून गेली. दुसरीही. कढईभर नुसता चुरा.

"काका, आज मशीन बिघडलं काय?" एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या. हेही हसले, कान लाल झालेले. मी झाऱ्याने चुरा काढत होते — आणि मला बरं वाटत होतं. तेलाचं एक वेळ सांगता आलं असतं. सांगता येत नव्हतं ते हे. मला बरं वाटत होतं.

बसमध्ये ते म्हणाले, "तुझाच हात खरा. मी उगीच मध्ये आलो." तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? मी खिडकीबाहेर बघत बसले.

घरी आल्यावर त्यांनी सोऱ्या धुतला, पुसला आणि वरच्या फळीवर ठेवला. पुन्हा हात लावला नाही. आता चकल्या मीच करते. डबे जातात, रिकामे परत येतात. कुणी काही म्हणत नाही.

रोज सकाळी ते दाराशी येऊन उभे राहतात. "काही काम आहे का गं?"

मी नाही म्हणते. पुन्हा त्यांच्या हातात देता येईल असा सोऱ्या वरच्याच फळीवर आहे. माझा हात तिथवर पोचतो.