सिग्नल मोठ्यानं सांगायचा

आधीच सांगते, भूतखेत, आत्मा वगैरे गोष्टींची मी आजवर टरच उडवत आले. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय...

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे, पण माझं सगळं लहानपण रायपूरचं. बाबा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. ते रिटायर झाले तेव्हा रायपूर नवीनच राजधानी झालं होतं आणि शंकर नगरकडे चौकाचौकात सिग्नल लागत होते. इंजिनात सिग्नल दिसला की असिस्टंटनं मोठ्यानं सांगायचा, ड्रायव्हरनं बघून तोच परत म्हणायचा. दोघांचं जुळलं नाही तर गाडी पुढे न्यायची नाही. हा नियम बाबांनी स्कूटरवरही सोडला नाही! मी मागं बसून ओरडायचं, "हरा!" ते म्हणायचे, "हव, हरा!" मगच स्कूटर हलायची. मागचे लोक हॉर्न वाजवून बेजार. कॉलेजात गेल्यावर मी लाजून गप्प बसले, तर म्हणाले, "काहून बोलून नाही राहिली? असिस्टंट झोपला का?"

बाबा गेले. पुढच्या वर्षी मी गोव्याला शिडाच्या बोटीचं ट्रेनिंग घ्यायला गेले. आई म्हणाली, "रायपूरच्या पोट्टीले समुद्र कायले पाह्यजे?" घरात बसवत नव्हतं, एवढंच.

ट्रेनिंगच्या शेवटी किनारा दिसेनासा होईल इतकं आत जाऊन परत यायचं होतं. आम्ही पाच शिकाऊ आणि कॅप्टन सर. परतताना भरदुपारी अंधारून पाऊस आला, वारा पिसाळला. शीड निम्मं उतरवलं, तरी बोट आडवी होत होती. तिघं खाली ओकत पडलेले. सुकाणू माझ्याकडे, टेहळणीला स्नेहा. बंदर जवळ आलं आणि तीही कोसळली. तिला खाली ठेवून येतो म्हणून सर गेले... आणि वर मी एकटी.

बंदरात शिरताना लाल बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारं खुणेचं पिंप, डाव्या हाताला ठेवायचा, हिरवा उजव्या. चुकलं तर खडक. पावसात एक काळपट बोया दिसला. सवयीनं मी ओरडले, "हरा!" आणि त्याला उजवीकडे घ्यायला सुकाणू वळवू लागले.

अगदी मागून बाबांचा आवाज आला, स्कूटरवर असायचा तसाच — "लाल हाये. बरोबर पाह्य, पोट्टे."

माझे हात जागीच थांबले. लाट खाली बसली आणि बोयाचा लाल रंग स्पष्ट दिसला. त्याच्या डावीकडे, जिथं मी बोट नेणार होते तिथं, खडकांवर पाणी फुटत होतं. मी सुकाणू उलट फिरवलं.

सर धावत वर आले. "ऊपर कौन था तुम्हारे साथ? सब तो नीचे हैं. ये 'लाल' किसने बोला?"

मी रडायलाच लागले. थकव्यानं भास झाला म्हणावं, तर तो आवाज सरांनी कसा ऐकला?

आता रायपूरला कार चालवते. सिग्नल सुटला की मोठ्यानं म्हणते, "हरा!" आणि जराशी थांबते. मागचे हॉर्न वाजवतात... वाजवू देत.