शेजारच्या सीटवरची वाळू

माझा धाकटा भाऊ दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर कुणाच्या तरी दाढा हातात धरून घासत बसतो, म्हणून मित्रांनी त्याचं नावच ‘कवळी’ ठेवलंय. शांत माणूस. भाजी आणायला पाठवलं तर पिशवी घरी विसरणारा. हाच माणूस महिन्यातल्या एका रविवारी हेल्मेट घालून गाडी अशी पळवतो की बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. हे दोघे एकच आहेत, हे मला सख्खी बहीण असूनही अजून नीट पटलेलं नाही.

गाडी जपानी, दोन दारांची, त्याच्या लग्नाहून जुनी. शहराबाहेर एक ट्रॅक आहे. तिथे हौशी मंडळी आपापल्या गाड्या घेऊन येतात. शर्यत नसते, बक्षीस नसतं. एका फेरीला किती वेळ लागला ते मोजायचं आणि पुढच्या खेपेला त्यातून सेकंद-दोन सेकंद वाचवायचे, एवढंच. वाचवलेल्या सेकंदांचं पुढे काय करता, असं मी एकदा सगळ्यांना विचारलं. सगळे आपापल्या गाड्या पुसायला लागले.

पहिल्या वर्षी माझी भावजय त्याच्या शेजारी बसायची. तीही हेल्मेट घालून, पट्टे आवळून. दोघं घामेजून परत यायची आणि डब्यातलं एकत्र खायची. तेव्हा मला वाटायचं, वेडी असली तरी सुखी आहेत.

मग भावाच्या डोक्यात सुधारणा शिरल्या. मोठा टर्बो बसवला, स्प्रिंगा बदलल्या, रुंद टायर घातले आणि नव्या सामानाचा अंदाज येईपर्यंत म्हणून भावजयीला घरीच ठेवलं. गाडीची ताकद वाढली आणि फेरीला लागणारा वेळही वाढला! मेकॅनिकने सगळं उघडून पाहिलं, पुन्हा बंद केलं आणि गाडी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. मग दोघांनी मिळून ठरवलं, वजन जास्त होतंय. मागची सीट गेली, रेडिओ गेला, खालचा गालिचा गेला. शेवटी शेजारची सीटही काढली.

त्या दिवशी मी त्यांच्याकडेच जेवायला होते. हा मोठ्या खुशीत म्हणाला, “सीटचं वजन गेलं, वर हिचंही गेलं!” एकटाच हसला. भावजय ताट उचलून आत गेली. काय झालं ते याच्या गावीही नव्हतं.

तेव्हापासून भावजय बसने फिरायला लागली. बाजार बसने, माहेर बसने. घरातही ती खिडकीपाशी आणि हा टेबलापाशी. नवरा-बायको एकमेकांशेजारी बसायचीच बंद झाली, आणि हे असंच राहिलं तर काय, या विचाराने माझा जीव खालीवर व्हायचा. याला मात्र एकच घोर, पहिल्या वर्षीची वेळ परत का येत नाही?

काढलेल्या गालिच्याचा एक तुकडा त्यांनी दारात पायपुसणं म्हणून टाकला होता. त्याला एका जागी भोक पडलेलं. मी विचारलं, “हा ड्रायव्हरच्या पायाखालचा का रे?”

“नाही गं ताई, शेजारच्या सीटपुढचा. तिथे कसा झिजला कोण जाणे.”

मलाही कळलं नाही. पाय पुसले आणि आत गेले.

एक दिवस त्याचा फोन आला. आवाज अगदी बारीक. “ताई, हिचं वजन किती असेल गं?”

“मला काय विचारतोस? तिला विचार!”

“ती बोलत नाही ना.”

मी आपला अंदाज सांगितला. नंतर कळलं की त्याने सीट परत बसवली आहे. मी हुरळले. म्हटलं, चला, आली अक्कल. पुढच्या रविवारी भावजयीला जवळजवळ ओढतच ट्रॅकवर नेलं.

बघते तर काय, शेजारच्या सीटवर वाळूच्या पिशव्या! नीट रचलेल्या, वरून पट्टे आवळलेले. म्हणे, हिच्या वजनामुळे गाडीचा तोल साधत असणार. मला तिथल्या तिथे त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तो गेला, टायर किंचाळवत फिरून आला, आणि वेळ आधीपेक्षाही वाईट. तो आणि मेकॅनिक पिशव्यांकडे बघत डोकं खाजवत उभे राहिले.

भावजय पुढे झाली. तिने दार उघडलं. “हिला हेल्मेट नाही घातलंस?” एवढंच म्हणाली. मग पट्टे सोडून एकेक पिशवी खाली ओढली, वाळू झटकली, हेल्मेट चढवलं आणि स्वतः बसली. हा तोंडात मारल्यासारखा उभा. मीच ओरडले, “बघतोस काय? चालव!”

फेरी मारून आले तेव्हा मेकॅनिक हातातलं घड्याळ नाचवत होता. पहिल्या वर्षीपेक्षाही कमी वेळ! भाऊ खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, “वजनच होतं ना! पण मग वाळूने का नाही झालं? वाळू तर तेवढीच होती!”

मेकॅनिक म्हणाला, “वाळू सीटवर नीट बसली नसेल. आता मात्र वळणाआधी तुम्ही वेळेवर दाबलात ब्रेक. इतके दिवस वळणात शिरून दाबत होता.”

मी भावजयीचं हेल्मेट घ्यायला वाकले. गाडी थांबलेली, इंजिन बंद, तरी तिचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर गच्च दाबलेला होता. पायात गोळा आला होता बहुतेक. मला दारातलं ते पायपुसणं आठवलं.

“अरे गाढवा,” मी म्हटलं, “ती तिकडून ब्रेक दाबते!”

भाऊ तिच्या पायाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “वळण आलं की हिचा गुडघा ताठ व्हायचा. तो दिसला की माझाही पाय जायचा वाटतं. मला कळलंच नाही.” त्याने तिला विचारलं, “तुला भीती वाटते?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बसायचीस कशाला?”

“तू एकट्याने जायला घाबरत होतास म्हणून.”

तो खाली उतरला, पलीकडे गेला आणि तिचा पाय हातात घेऊन चोळत बसला. मेकॅनिकने पुढच्या फेरीसाठी हाक मारली, ती त्याने ऐकलीसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे गेले तर दारात पाय पुसायला काही नव्हतं. तो तुकडा परत गाडीत गेला होता, भोकासकट.