गरम भाताचा सिनेमा

पोस्टरवर भातशेती आणि हसरी म्हातारी पाहून मी एक कोरियन सिनेमा कौटुंबिक ठरवला आणि स्वतः न पाहताच मावशीला लावून दिला. काका गेल्यापासून ती गप्प गप्प असायची. म्हटलं, जरा करमणूक होईल.

थोड्याच वेळात कळलं, की ती म्हातारी नवऱ्याचं प्रेत आतल्या खोलीत लपवून त्याला रोज गरम भात वाढते आहे. मी रिमोट शोधू लागलो. तो मावशीच्या मुठीत होता. घाबरून मी मोठमोठ्यानं खुलासे करत सुटलो, "अगं, हे सगळं प्रतीकात्मक असतं!" मावशीचं लक्षच नव्हतं. खालच्या इंग्रजी ओळी तिला वाचता येत नाहीत. ती फक्त भातावरची वाफ बघत होती.

"परवा मीपण दोघांचा चहा टाकला," ती एकदम म्हणाली, आणि चक्क हसली.

अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर आधी काहीच दिसत नाही. डोळे सरावले की आपल्याच घरातल्या वस्तू ओळखू येतात. परक्या भाषेतल्या, कुणी नावही न ऐकलेल्या या काळ्याकुट्ट सिनेमांचं तसंच असावं. हा विचार मी मावशीला लगेच ऐकवलाही.

"पुढच्या रविवारी असलाच दुसरा लाव," ती म्हणाली. "आणि तू बाहेर बस, मेल्या. सिनेमा कळतो मला, तुझी बडबडच कळत नाही."