रंगवायचा राहिलेला कोपरा

पाकोळी जन्मात जमिनीला पाय लावत नाही. यात थोर वैराग्य दिसतं. पण खरं कारण एवढंच, की तिचे पाय चालण्याच्या कामाचे नाहीत.

हे मला रत्नागिरीच्या स्टँडवरच्या रंगाऱ्यानं सांगितलं. दुरुस्त केलेल्या स्टँडच्या उद्घाटनासाठी छत पांढरं करायला तो मंडणगडहून आला होता. एका कोपऱ्यातल्या पाकोळ्यांच्या घरट्यांत पिलं होती, म्हणून तेवढं छत त्यानं सोडलं होतं. काम संपल्याशिवाय सुट्टी नव्हती आणि घरी महिन्याची मुलगी होती, अजून न पाहिलेली.

"खरवडून टाक नि जा घरी," मुकादम म्हणाला. "पोरीपेक्षा पाखरं लाडकी काय रे?"

"पोरगी आयशीजवळ हाय. ही उडूंदेत."

रोज सकाळी मी बसची वाट बघत असे तेव्हा तो शिडीवर चढून घरट्यांना कान लावायचा. उतरला की मोबाइलवर मुलीचा फोटो बोटांनी मोठा करत बसायचा.

"काका, जास्त मोठा केला की पुसट होतो," एकदा म्हणाला.

मेअखेर पिलं उडाली. रिकामी घरटी काढून त्यानं कोपरा रंगवला आणि मिळेल त्या गाडीनं गेला.

आठवड्याभरात त्याच रंगावर पाकोळ्यांनी नवं घरटं चिकटवलं. उद्घाटन अजून झालेलं नाही.