कपाळाक लागला, हाताक नाय

सिंधूकाकूंनी माझ्याशी एक शब्द बोलण्याआधी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं होतं. वेलिंग्टनमधल्या जॉन्सनव्हिलच्या एका हॉलमध्ये आमचा गणपती होता आणि मी दारात बसून येणाऱ्यांची नावं लिहीत होते. ही कोण बाई म्हणून मी वर बघते तोवर त्यांनी ते पेन गालावरून फिरवलं, तोंड वाकडं केलं आणि परत दिलं. "प्लॅस्टिक! मड्याला हात लावल्यासारखं गार लागतंय." मग पिशवीतून स्वतःचं पेन काढलं. लालसर लाकडाचं, मध्ये किंचित फुगीर. "हे धर. मी केलंय."

मला वाटलं, म्हातारी थापा मारतेय.

नवरा गेल्यावर काकू पुण्याहून लेकीकडे, मंजिरीकडे, राहायला आल्या होत्या. माहेर मात्र सावंतवाडीचं. शेजारी कातारी राहायचे, लेथवर लाकडी खेळणी कातणारे. तिथे बायकामुलींनी रंग द्यायचा, लेथला हात लावायचा नाही. "लहानपणी विचारलं तर पाठीत धपाटा मिळाला," काकू सांगायच्या, "म्हणून सत्तरीत विचारलंच नाही. जाऊन उभीच राहिले." उभ्या राहिल्या त्या निवृत्त पुरुषांनी चालवलेल्या लाकूडकामाच्या शेडमध्ये. सगळे गोरे म्हातारे, शॉर्ट्स आणि रबरी चपलांमध्ये, आणि मधोमध नऊवारी नाही पण पाचवारीचा पदर खोचून या. शेडचा प्रमुख ग्रॅहम आधी म्हणाला की बायकांसाठी विणकामाचा ग्रुप बुधवारी असतो. काकू म्हणाल्या, "गुड. यू गो." पुढच्या आठवड्यात त्याने त्यांना लेथपाशी उभं राहायला उंच पाट करून दिला. साडी मात्र त्याने चालू दिली नाही. फिरत्या यंत्रापाशी सैल कपडा नको, हे काकूंनाही पटलं आणि त्या जावयाची जुनी पँट घालायला लागल्या. पुण्याच्या नणंदेला फोटोही पाठवला.

शनिवारी त्यांना मी गाडीतून सोडायचे, कारण मंजिरीने साफ नाही म्हणून सांगितलं होतं. काकूंच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू होता आणि मंजिरीच्या पोटात सतत भीती. मी तिथेच कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसायचे आणि काम सोडून काकूंकडे बघायचे. पाडलेल्या घरांतून आलेलं रिमू या इथल्या झाडाचं लालसर लाकूड त्या निवडायच्या. चौकोनी तुकड्याला आरपार भोक, त्यात पितळेची नळी, मग लेथवर चढवून गोल पटाशी. ढलप्या उडायच्या, केसांत अडकायच्या. पॉलिशपेपर एकापेक्षा एक बारीक लावत शेवटी डोळे मिटून पेन गालाला. "डोळा फसवतो गो, गाल नाही फसवत."

बाकीचे म्हातारे सुपरग्लूचे थर देऊन पेन काचेसारखं चमकवायचे. काकूंचा त्यावर भयंकर राग. "हे काय, नवरीचा मेकअप? लाकूड आहे ते लाकूड दिसू दे की!" त्या लावायच्या ते तेल आणि मेण, बस्स. पुढची चकाकी वापरणाऱ्याच्या हाताने यायची. ग्रॅहमने एकदा त्यांच्या भल्यासाठी म्हणून एका पेनावर तो चकचकीत थर दिला, तर बाईने त्याच्यासमोर घासून काढला. तोही कपाळावर हात मारून हसत राहिला.

एका वर्षी खंडेनवमी शनिवारी आली. काकूंनी सगळ्यांच्या आधी जाऊन लेथला हळदकुंकू लावलं, झेंडू नव्हता म्हणून कोव्हाईची पिवळी फुलं वाहिली आणि प्लग काढून ठेवला. ग्रॅहम आला, मशीनला लाल-पिवळं काय फासलंय म्हणून बघतच राहिला. "टुडे नो वर्क," काकू म्हणाल्या. "टुडे मशीन इज गॉड. गॉड टेक्स रेस्ट."

"स्वीट ॲज," म्हणजे चालतंय की, असं म्हणून ग्रॅहम चहाला गेला.

बोटाला उरलेलं कुंकू काकूंनी स्वतःच्या कपाळाला लावलं. मी बघतच राहिले. "बघतेस काय? हे गेले तेव्हा नणंदेने पुसलं होतं. पुसणारी राहिली पुण्यात."

त्यानंतर काही महिन्यांनी तो तुकडा उडाला. नीट दिसेना म्हणून काकूंनी तोंडावरचं काचेचं झाकण वर केलं होतं, पटाशी अडकली, लाकूड फुटलं आणि कपाळात बसलं. टाके पडले. दवाखान्यात मंजिरी म्हणाली, "संपलं, आई. आता तो लेथ बंद." काकूंचं पुणेरी मराठी गळून पडलं. "लागला ता कपाळाक, हाताक नाय!" आणि मला हळूच, "कुंकवाच्याच जागी खूण आली बघ. आता पुसा म्हणावं."

मंजिरीने ग्रॅहमला फोन करून आईला आत घेऊ नका म्हणून सांगितलं. पुढच्या शनिवारी त्याने बिचाऱ्याने खाली बघत दार अडवलं. काकू वळून गाडीकडे गेल्या. गाडीतली घडीची खुर्ची काढून दारासमोर बसल्या. वेलिंग्टनचा वारा, त्यात वरून भुरभुर पाऊस. मी विनवण्या केल्या, ग्रॅहमने ब्लँकेट आणलं, ते त्यांनी परत केलं. शेवटी मीच मंजिरीला फोन लावला.

ती आली ती भांडतच. "डोळा गेला म्हणजे?"

"आहे तोवर बघून करीन. गेला की चाचपून करीन."

"बाबा गेले. आता तुलाही काही झालं तर मी काय करू गं?" मंजिरी रडायलाच लागली.

काकूंनी तिचा हात धरला, पण खुर्ची सोडली नाही. "मला सांभाळून ठेवायला आणलंयस, की जगायला?"

मंजिरीने डोळे पुसले. मग तरातरा आत गेली, ते काचेचं झाकण घेऊन आली आणि आईच्या डोक्यावर घालून पट्टा करकचून आवळला. "वर केलंस तर बघ!" काकूंनी पुन्हा कधीही वर केलं नाही. पुढे दोन्ही डोळे अंधुक झाले, तेव्हा पटाशी ग्रॅहम धरायचा. घासणं आणि गाल मात्र काकूंचे.

२०१८ च्या जुलैत, इथल्या हिवाळ्यात, त्या गेल्या, झोपेत. मला एवढं रडू आलं की माझ्या आईला फोन करून तिलाच ओरडले, काहीतरी शिक म्हणून.

सप्टेंबर संपत आला तसा ग्रॅहमचा मंजिरीला फोन. यंदा मशीनचा सुट्टीचा दिवस कधी? तिने कॅलेंडर बघून सांगितलं आणि त्या दिवशी स्वतः गेली. हळदकुंकू, कोव्हाई, प्लग काढलेला. म्हातारे टोप्या काढून उभे.

त्यानंतरच्या शनिवारी ती मला घेऊन पुन्हा आली, आईच्या पाटावर चढली आणि ते झाकण डोक्यावर चढवलं. मी म्हटलं, "अगं, तुला येतं तरी का?" तिने ऐकलं नाही. पटाशी टेकवली मात्र, खाडकन तुकडा उडाला आणि काचेवर, बरोबर कपाळासमोर आदळला. मी किंचाळले. ग्रॅहमने धावत जाऊन मशीन बंद केलं.

पुण्यात वाढलेली, जन्मात कधी मालवणी न बोललेली मंजिरी. तोंडावरची काच तशीच ठेवून तिने नवा तुकडा मागायला हात पुढे केला.

"कपाळाक लागला," ती म्हणाली, "हाताक नाय."